केमो सुरू होण्याआधीचे आठ दिवस

शिरोळ तालुक्यात कॅन्सर हा शब्द आता कोणाला नवा राहिलेला नाही. ऊस, तणनाशकाची फवारणी, पंचगंगेचे पाणी यांवर वर्षानुवर्षे चर्चा चालू आहे. वर्तमानपत्रांत लिहून येते, तपासणी शिबिरे होतात. कारणांचा तो लढा लढलाच पाहिजे. पण आज आम्ही लिहितो आहोत ते ज्यांच्या घरात तपासणीचा रिपोर्ट येऊन पडलेला आहे त्यांच्यासाठी. मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी केमो घ्यावी लागेल म्हणून सांगितले आहे आणि पहिली तारीख आठ-दहा दिवसांवर आली आहे, अशा घरांसाठी.

या आठ दिवसांबद्दल आमचे एक ठाम मत आहे. केमोचे सलाईन रुग्णालयात काही तासांत संपते. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे रुग्ण घरात असतो. केमो देतात डॉक्टर, पण ती निभावून न्यावी लागते घराला. आणि आपल्या वस्त्यांत या घराची तयारी कोणी करून घेत नाही. आठ दिवस जातात ते रडण्यात, लपवालपवीत, पैशाच्या काळजीत आणि कोणीतरी सांगितलेल्या झाडपाल्याच्या शोधात. केमोच्या आदल्या रात्री घरात थर्मामीटर नसतो. रुग्णालयाचा नंबर एकाच्याच मोबाईलमध्ये असतो आणि तो माणूस रात्रपाळीला गेलेला असतो.

पहिली गोष्ट, रुग्णाला सांगा. आपल्याकडे मुलगा, जावई, भाऊ सगळ्यांना माहीत असते आणि जिला आजार आहे तिलाच माहीत नसते. "आईला कळलं तर ती हाय खाईल" हे कारण. मग तिला सांगितले जाते की साधी गाठ आहे, ताकदीची सलाईन लावायची आहेत. पण रुग्णालयाच्या पाटीवर कर्करोग असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई डोक्याला रुमाल बांधून बसलेली असते. आईला कळायचे ते पहिल्या तासात कळते, फक्त ती ते कोणाला बोलून दाखवत नाही. आपण तिच्यापासून लपवतो, ती आपल्यापासून लपवते आणि भीती मात्र घरात सगळ्यांच्या उशाला बसते.

यात मायेचा प्रश्न आहेच, पण जिवाचाही आहे. ज्या माणसाला ताकदीची सलाईन लागली असे वाटते तो नंतर ताप आला तर अंगावर काढतो. ज्याला केमो म्हणजे काय हे सांगितलेले असते तो रात्री दोन वाजता पोराला उठवतो. हा फरक किती मोठा आहे ते पुढे येईलच. शिवाय केमोच्या आधी संमतीपत्रावर सही घेतात. आपल्या माणसाला सही करायला शिकवण्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचले. तिच्याच देहाच्या कागदावर तिला न वाचू देता अंगठा घ्यायचा, हे आपल्या घरात तरी होऊ नये.

सांगायचे कसे? डॉक्टरांच्या खोलीत रुग्णाला बाहेरच्या बाकावर बसवून आपण आत जाऊ नये. तिलाच खुर्चीवर बसवावे, आपण शेजारी उभे राहावे आणि तिच्यासमोर विचारावे की ही केमो कशासाठी आहे. आजार पूर्ण बरा करण्यासाठी आहे, ऑपरेशनच्या आधी गाठ लहान करण्यासाठी आहे, ऑपरेशननंतर उरलेसुरले मारण्यासाठी आहे, की आजार आटोक्यात ठेवून त्रास कमी करण्यासाठी आहे? ही चार वेगवेगळी उत्तरे आहेत. सायकली किती, दोन सायकलींमध्ये अंतर किती, औषधांची नावे काय, हे एका वहीत लिहून घ्यावे. गुंठाभर जागा विकायची का, खासगी सावकाराकडे जायचे का, हे निर्णय आपण या उत्तरांच्या आधीच घेऊन बसतो. ते उलटे आहे. आणि सगळे ऐकून एखाद्या वयस्कर माणसाने "मला विचार करायला दोन दिवस द्या" म्हटले, तर ते त्याचे म्हणणे आहे, हट्ट नव्हे.

विनयपिटकातली एक गोष्ट विहारात आपण ऐकलेली असते. जुलाबाने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. ही गोष्ट आपण करुणेची म्हणून सांगतो आणि तिथेच थांबतो. पण तिथे त्यापुढे फार व्यवहाराचे सांगितले आहे. सेवा करायला सोपा रुग्ण कोणता? जो हिताचे तेच करतो, प्रमाण ओळखतो, औषध घेतो, दुखणे सहन करतो आणि आपला आजार आहे तसा सांगतो, वाढला तर वाढला, कमी झाला तर कमी झाला. आणि चांगला शुश्रूषा करणारा कोण? ज्याला औषध तयार करता येते, काय चालते आणि काय चालत नाही हे कळते, जो लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, ज्याला मलमूत्राची, ओकारीची किळस येत नाही आणि जो वेळोवेळी धीर देऊ शकतो. केमोच्या घराला आज यापेक्षा वेगळे काही सांगायला लागत नाही. 'आहे तसा सांगतो' हे मात्र आपल्या बायकांना सगळ्यात अवघड जाते. दुखत असताना "काही नाही, बरं आहे" म्हणायची सवय त्यांना लहानपणापासून लावलेली असते.

आता केमो म्हणजे काय ते थोडक्यात. कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढतात. भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणारी औषधे शिरेतून किंवा गोळ्यांतून देणे म्हणजे केमो. शरीरात भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही असतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीत, आतड्यात आणि रक्त तयार होते त्या हाडांच्या मगजात. त्यांनाही मार बसतो. म्हणून केस जातात, तोंड येते, जुलाब होतात, "पेशी कमी होतात". चांगल्या पेशी पुन्हा भरून याव्यात म्हणून दोन डोसांमध्ये अंतर ठेवतात, कोणाला एकवीस दिवसांचे, कोणाला चौदा, कोणाला आठवड्याचे. औषधे शंभराच्या पुढे आहेत आणि प्रत्येकाचा त्रास निराळा. तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या काकूंना काय झाले यावरून आपल्या ताईला काय होईल ते ठरवू नका. ओकारीचे औषध आता केमोच्या आधीच देतात आणि घरी घ्यायच्या गोळ्याही देतात. त्या ओकारी झाल्यावर नव्हे, लिहून दिलेल्या वेळेला घ्यायच्या. एवढे पाळले तरी पहिली सायकल बरीच सोपी जाते.

जाता जाता सदाफुलीबद्दल. दारातल्या या झाडापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही केमोची दोन औषधे निघाली हे खरे आहे आणि ती आजही वापरतात. त्यावरून सदाफुलीचा पाला चावून खाण्याचे सल्ले वस्तीत फिरतात. ढिगाने पाला घेऊन त्यातून कणभर औषध वेगळे काढावे लागते आणि ते वजन-उंची बघून मोजून द्यावे लागते. चार पाने चावून ते होत नाही, उलट त्या पानांत इतरही विषारी घटक आहेत. काढे, भस्मे, कोणाचे गुण येणारे चूर्ण यांचेही तसेच. ते यकृतावर आणि रक्ताच्या पेशींवर काय करतील ते सांगता येत नाही. घेत असाल तर लपवू नका, पुडीसकट डॉक्टरांना दाखवा.

या आठ दिवसांत रुग्णालयात काही तपासण्या होतात. रक्ताच्या पेशी, मूत्रपिंड, यकृत, काविळीचा बी प्रकार, काही औषधांआधी हृदयाची टू-डी इको. त्या का करतात ते समजून घ्यावे आणि टाळू नयेत. बी काविळीचा विषाणू अंगात झोपलेला असेल तर केमोने तो उठतो, पण आधी कळले तर त्याला रोखणारी गोळी आहे. आपल्याकडून व्हायच्या गोष्टी वेगळ्या. किडलेला, ठणकणारा दात असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून आत्ताच दाखवून घ्या, नंतर पेशी कमी असताना दात काढता येत नाही. साखरेचा आजार असेल तर आवर्जून सांगा, कारण केमोबरोबर देतात त्या काही औषधांनी साखर चढते. रक्तदाब, फिट्स, दमा, रोजची कुठलीही गोळी असेल तिचे पाकीट सोबत न्या. मिशेरी, तंबाखू, गुटखा, दारू आजपासून बंद. मिशेरी लावणाऱ्या तोंडाला केमोचे फोड आले की भाकरीचा तुकडा गिळणे मुश्कील होते. सकाळी मिशेरीशिवाय पोट साफ होत नाही म्हणणाऱ्या मावश्यांना आम्ही ओळखतो. त्यांनी ते डॉक्टरांना सांगावे, पोट साफ व्हायला औषध मिळते.

आणखी एक गोष्ट, जी लाजेपायी कोणी विचारत नाही. नवीन लग्न झालेली मुलगी किंवा अविवाहित तरुण असेल तर केमोने पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. काही उपाय असतात, पण ते केमो सुरू होण्याआधीच करावे लागतात. तरुण मुलाचे वीर्य साठवून ठेवता येते. केमो चालू असताना गर्भ राहू देणे धोक्याचे असते. हे प्रश्न सासूसमोर, दिरासमोर निघणार नाहीत. म्हणून नवरा-बायकोने दोघांनीच डॉक्टरांकडे एकदा वेगळा वेळ मागावा.

सगळ्यात महत्त्वाचे ते तापाचे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. या पेशी म्हणजे जंतूंशी लढणारे आपले बळ. ते नसताना आलेला ताप हा नेहमीचा ताप नसतो. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यापेक्षा जास्त ताप आला, थंडी वाजून आली, तर त्याच वेळी रुग्णालयाला फोन करून निघायचे, रात्र असली तरी. आपल्या वस्तीत काय होते? कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून एक इंजेक्शन, पॅरासिटामॉलची गोळी आणि "सकाळी बघू". गोळीने ताप उतरतो, जंतू मात्र रक्तात वाढत राहतात आणि सकाळपर्यंत माणूस हातचा जातो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर पहिले वाक्य हेच बोला: "केमो चालू आहे, इतक्या तारखेला झाली." डिजिटल थर्मामीटर औषधाच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. तो केमोच्या आधी घरात आला पाहिजे आणि घरातल्या दोघांना तरी वाचता आला पाहिजे. हात लावून ताप बघण्यावर जाऊ नका. रात्री गाडी कोणाची, तिचा चालक कोण, हेही आधी ठरवा. १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण वस्तीतल्या एका रिक्षावाल्याला आधीच विश्वासात घेऊन ठेवलेले बरे.

जंतूंचा रस्ता बहुतेक वेळा पाण्यातून आणि हातातून येतो. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्याने काविळीची साथ येऊन माणसे दगावली होती, ते आपण विसरलेलो नाही. धडधाकट माणसाचे असे होते, तर पेशी कमी असलेल्याचे काय. पाणी खळखळ उकळून, झाकून, ओगराळ्याने काढून द्यावे. पाण्याच्या भांड्यात हात बुडवू नये. कच्ची कोशिंबीर, कापून ठेवलेली फळे, गाड्यावरचा उसाचा रस, पाणीपुरी हे पेशी भरून येईपर्यंत बंद. सोलून खायचे केळे किंवा मोसंबे घरी धुऊन, सोलून चालते.

खाण्याबद्दल उपदेश करणारे पाहुणे फार. एक म्हणतो मटण बंद करा, दुसरा म्हणतो अंडी गरम पडतात, तिसरा म्हणतो साखरेने कॅन्सर वाढतो. ऐकता ऐकता रुग्णाच्या ताटात नुसता वरणाचा निवळ राहतो. केमो चालू असलेल्या माणसाला प्रथिने लागतात. पूर्ण उकडलेले अंडे, नीट शिजवलेली कोंबडी, मासे, डाळ, हरभरा-मटकी शिजवून, उकळलेले दूध, परवडेल ते आणि आवडेल ते द्यावे. आपण पिढ्यान्पिढ्या जे मिळाले ते शिजवून खात आलो, त्याची लाज कोणी घालू नये. तोंड आले असेल तर तिखट बाजूला ठेवून ताकातल्या कण्या, मऊ भात, मुगाचे वरण. तांबडा रस्सा पुढच्या महिन्यात. एकदम ताटभर नको, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खाण्याचा सोडा टाकून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरली तर तोंडाला आराम पडतो.

आता एक गोष्ट आम्हाला जरा कडक बोलायची आहे. कॅन्सर झालेल्या माणसाचे ताट-तांब्या वेगळे करणारी घरे आपल्याच वस्तीत आहेत. सून सासूचा कप वेगळ्या फळीवर ठेवते, पोरांना आजीच्या मांडीवर बसू देत नाही, शेजारीण तिच्या घरचा चहा टाळते. कॅन्सर शिवून होत नाही, उष्ट्याने होत नाही, एका अंथरुणावर झोपून होत नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांची आपण नातवंडे. आपल्या घरात आपल्याच माणसाचा तांब्या वेगळा ठेवणे शोभत नाही.

यात एक खरी काळजी मात्र घ्यायची असते आणि तिची सांगड शिवाशिवीशी घालू नये. केमोचे औषध लघवी, संडास, ओकारीतून साधारण दोन दिवस बाहेर पडत राहते. त्या ४८ तासांत संडासात दोनदा पाणी ओतावे, झाकण असेल तर लावावे. ओकारीचे, ओले झालेले कपडे हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून उचलावेत आणि वेगळे धुवावेत. गरोदर बाईने हे काम करू नये. नवरा-बायकोने या दिवसांत निरोध वापरावा. सार्वजनिक संडास असेल तर घरात झाकणाचे भांडे ठेवून नंतर ते संडासात ओतावे, म्हणजे रात्री अंधारात जाण्याचा त्रासही वाचतो. लाल रंगाचे एक औषध असते, डॉक्सोरुबिसिन. त्याने दिवसभर-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसते, घाबरायचे कारण नाही. हातात सलाईन चालू असताना त्या जागी आग झाली, सूज आली, दुखले तर लगेच सिस्टरला हाक मारायची. "आता थोडंच राहिलंय" म्हणून गप्प बसायचे नाही, औषध शिरेबाहेर गेले तर कातडी जळते.

पैशांचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. आता ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, पिवळे, केशरी, पांढरे कुठलेही कार्ड असो, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. कॅन्सरचे ऑपरेशन, केमो, किरणोपचार त्यात आहेत. मात्र रुग्णालय योजनेत हवे आणि मंजुरी आधी मिळायला हवी. म्हणून पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. डॉक्टरांनी लिहिलेली औषधे योजनेत बसतात का, तेही विचारा, सगळी महागडी औषधे त्यात नसतात. काही अडले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरांवर विचारता येते, दोन्हींना पैसे पडत नाहीत. आमचा अनुभव असा की योजना अडते ती बहुतेक वेळा नावावर. रेशनकार्डावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, किंवा सुनेचे नाव कार्डात घातलेलेच नाही. आठ दिवस हातात आहेत तोवर शिरोळच्या तहसील कचेरीत एक खेप घाला. तिथेच उत्पन्नाचा दाखलाही काढा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी तो लागतो. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचे रुग्णही बसतात, उत्पन्नाची अट फार खाली आहे, पण वस्तीतली बरीच घरे त्या अटीत बसतील.

मिरज आपल्याला जवळ, कोल्हापूर थोडे लांब, आणि काहींना मुंबईला टाटाला जावे लागते. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू आहे आणि तिथे देशभरातून माणसे येतात. केमो तिथेच घ्यायची की टाटाने लिहून दिलेली मिरजेत घेता येईल, हे टाटाच्या डॉक्टरांनाच विचारा. पुष्कळदा जवळ घेता येते आणि मग प्रवास, राहणे, बुडणारा रोजगार सगळे वाचते. मुंबईत राहायची वेळ आलीच तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठी आधार आहे. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात तिच्याबद्दल विचारावे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो जयसिंगपूर स्टेशनच्या खिडकीवर दाखवायचा. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहेच.

रोजगाराचे आम्हाला वेगळे सांगायचे आहे. भांगलणीला, सूतगिरणीत, यंत्रमागावर जाणाऱ्या बाईला वाटते की एका आठवड्याने कामावर उभी राहीन. काहीजणी राहतातही. पण पहिल्या सायकलीनंतर अंग कसे वागते ते बघितल्याशिवाय मुकादमाला शब्द देऊ नका. बचत गटाचा हप्ता, मायक्रोफायनान्सचा हप्ता पुढे ढकलता येतो का, ते केमोच्या आधी बोला. हप्त्याची बाई दारात उभी असताना ओकारी थांबत नाही. आम्ही वस्तीतल्या महिला मंडळांना सुचवतो की आजारी घरात भेटायला जाताना नारळ आणि बिस्किटपुडे नेण्यापेक्षा एक दिवसाचे पाणी भरणे, एक दिवसाचा स्वयंपाक, पोरांना शाळेत सोडणे असे वाटून घ्यावे. वीस माणसांनी एकदम खाटेभोवती बसून सुस्कारे टाकण्याने कोणाला धीर येत नाही. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने तर दारातूनच परत जावे आणि त्याचा राग घरच्यांनीही मानू नये, पाहुण्यांनीही नाही.

मनाची तयारी म्हणून कोणी म्हणेल रोज आनापान करा. जरूर करा. सलाईन चालू असताना श्वासाकडे लक्ष ठेवून बसल्याने भीती थोडी सैल होते, हे आमच्यापैकी काहींनी अनुभवले आहे. पण त्याआधी एक काटा काढावा लागतो. "मी कोणाचं काय वाईट केलं म्हणून मला हे झालं?" हा प्रश्न बौद्ध घरातही येतो. मागच्या जन्माच्या पापाचे फळ म्हणून आजार, ही समजूत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात खोडून काढली आहे. पेशी का बिघडते याला तंबाखू, विषाणू, वय, रसायने, काही वेळा घराण्यातून आलेले दोष अशी कारणे असतात आणि पुष्कळदा एका माणसापुरते नेमके कारण सापडतही नाही. पापाचे म्हणून अंगारे-धुपारे, देवऋषी, उतारे करण्यात जे पैसे जातात त्यात सहा महिन्यांची अंडी येतात.

केसांचे दुःख पुरुष समजतात त्यापेक्षा मोठे असते. केस जाणारे औषध असेल तर ते दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात, सकाळी उशीवर पुंजके दिसतात. काही बायका आधीच केस बारीक कापून घेतात, त्यांना ते सोपे जाते. कोणी कापत नाहीत, तेही बरोबर. केमो संपल्यावर केस पुन्हा येतात. रुमाल, सुती टोपी आधीच आणून ठेवावी. पोरांना आधी सांगावे की आईचे केस जाणार आहेत आणि परत येणार आहेत, नाहीतर लहान पोर घाबरून जवळ येत नाही. मुलीच्या लग्नापायी आजार लपवण्याबद्दल आमचे मत असे, की आईचा आजार ऐकून जे घर माघार घेते ते पुढे मुलीच्या बाळंतपणातही तसेच वागेल.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीला, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला जायचेच, असे म्हणणारे रुग्ण असतात आणि त्यांना नाही म्हणताना घरच्यांच्या जिवावर येते. नाही म्हणू नका. सायकलीची तारीख आणि त्या दिवसाचे गणित डॉक्टरांसमोर मांडा. पेशी भरून आलेल्या दिवसांत, मास्क लावून, गर्दीच्या कडेने जाता येण्यासारखे असते की नाही ते ते सांगतील. सातव्या ते चौदाव्या दिवसात विहारातली गर्दीसुद्धा टाळावी. त्या रविवारी वंदना घरीच घ्यावी.

शेवटी पुराचे, कारण ते फक्त आपल्या तालुक्याचे आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या चार नद्यांच्या मध्ये आपण राहतो. २००५, २०१९ आणि २०२१ ला काय झाले ते सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये रस्ते बंद, सांगलीत पाणी, कोल्हापूरजवळ महामार्ग बंद. त्या दिवसांत ज्यांची केमोची तारीख होती त्यांची कल्पना करा. जून ते सप्टेंबरमध्ये सायकली येत असतील तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की आमचे गाव पुरात वेढले जाते. तारीख किती पुढे-मागे करता येईल, अडकलो तर काय करायचे, ते त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की रुग्णाला मिरजेत किंवा जयसिंगपुरात उंचावरच्या नातेवाइकाकडे आधीच हलवा, घरात पाणी शिरायची वाट बघू नका. निवारा छावणीत शंभर माणसांत पेशी कमी असलेला माणूस ठेवावा लागला तर छावणीतल्या आरोग्य पथकाला पहिल्या तासात सांगा.

फाईल प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत ठेवा. तपासणीचा रिपोर्ट, केमोचा कागद, रक्ताचे रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार यांचे फोटो घरातल्या दोन मोबाईलमध्ये काढून ठेवा. केमोच्या दिवशी ती फाईल, पुढून उघडणारा सैल कपडा, घरचे उकळलेले पाणी, हलका डबा आणि सोबतीला एकच माणूस, जो दिवसभर बसू शकेल आणि ज्याला लिहिता येते. घरी परतताना त्याने सिस्टरकडून तीन गोष्टी वहीत उतरवून घ्यायच्या. कुठली गोळी कधी, ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन, आणि पुढच्या सायकलीआधी रक्त कोणत्या तारखेला तपासायचे. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठी लिहा, रुग्णाला दिसेल अशी.